सोर्स नसलेल्या जारमधली मेथड एओपीने बदलायची आहे, अर्धवटच चालतंय

राजवाडा_जावा:
नमस्कार मंडळी, इंदूरच्या सियागंजमधल्या एका किराणा होलसेलवाल्याचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर माझ्याकडे आलंय, नुसती जार (कंपाइल झालेल्या जावा कोडची फाइल) आहे, सोर्स कोड कोणाकडेच नाही. त्यात प्रत्येक आयटमची रक्कम रुपयात राउंड होते, त्यामुळे चाळीस आयटमच्या बिलात पाच-सहा रुपयांचा फरक पडतो आणि मुनीमजी रोज हाताने हिशोब जुळवत बसतात, बघवत नाही. मूळ कोडला हात न लावता मेथडभोवती आपला कोड चालवायचा म्हणजे एओपी, म्हणून मी तो क्लास स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) करून राउंडऑफ मेथडवर अराउंड अ‍ॅडव्हाइस (मूळ मेथडच्या जागी चालणारा माझा कोड) लावला, तो पैशांसकट रक्कम तशीच परत देतो. माझ्या कोडमधून राउंडऑफ कॉल केली की बरोबर चालतं, पण बिलसेव्ह केलं की परत जुनंच. पॉइंटकट (कोणत्या मेथडवर लावायचं ते सांगणारी ओळ) दहा वेळा तपासला, काय चुकतंय?

पलासिया21:
पॉइंटकट बरोबर आहे भाऊ. बिलसेव्ह आणि राउंडऑफ एकाच क्लासमध्ये आहेत ना? स्प्रिंग एओपी ऑब्जेक्टच्या बाहेर प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ, उभी करतं, बाहेरून आलेला कॉल तिच्यातून जातो, पण क्लासने आतल्या आत स्वतःचीच मेथड बोलावली तर प्रॉक्सीला पत्ताच लागत नाही. अ‍ॅनोटेशन अ‍ॅस्पेक्टजेचेच असतात म्हणून सगळ्यांचाच गोंधळ होतो. खरं अ‍ॅस्पेक्टजे, झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ग्रेगर किक्झालेस यांच्या टीमने बनवलेलं वेगळं टूल, ते थेट बाइटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) विणतं, तिथे आतला कॉल काय आणि प्रायव्हेट मेथड काय, दोन्ही पकडले जातात. तू लोड-टाइम वीव्हिंग (क्लास लोड होतानाच विणणं) कर: जावा सुरू करतानाच्या जावाएजंट ऑप्शनमध्ये अ‍ॅस्पेक्टजे वीव्हरची जार दे, मेटा-इन्फ फोल्डरमध्ये एओपी डॉट एक्सएमएल ठेव, त्यातल्या विदिनमध्ये (कुठे विणायचं ते) फक्त बिलिंगचं पॅकेज लिही, सगळं विणायला गेलास तर अ‍ॅप सुरू व्हायलाच वेळ लागेल. आणि अ‍ॅस्पेक्टवरचा (अ‍ॅडव्हाइस ठेवलेल्या क्लासवरचं) कंपोनंट अ‍ॅनोटेशन काढ, नाहीतर स्प्रिंगही तो लावेल आणि बाहेरच्या कॉलला तोच अ‍ॅडव्हाइस दोनदा चालेल.

राजवाडा_जावा:
केलं, आता अ‍ॅस्पेक्टऑफ नावाची मेथड सापडत नाही असा एरर येतोय??

पलासिया21:
तुझा अ‍ॅस्पेक्ट साध्या जावासीने (जावाच्या नेहमीच्या कंपाइलरने) कंपाइल झालाय, ती मेथड वीव्हर नंतर घालतो. अ‍ॅस्पेक्टचं पॅकेजही विदिनमध्ये टाक. शो-वीव्ह-इन्फो ऑप्शन चालू ठेव, कुठे कुठे विणलं ते लॉगमध्ये दिसेल.

जुनी_इंदूर:
थांब, एक गोष्ट विचारतो, जुनं बिल परत प्रिंट केलं की रक्कम नव्याने काढली जाते का? तसं असेल तर गिऱ्हाइकाकडच्या कागदावर एक आकडा आणि तुझ्याकडे दुसरा, दुकानदार तोंडघशी पडेल. अ‍ॅडव्हाइसमध्ये बिलाची तारीख बघ, जुनं असेल तर सरळ प्रोसीड (मूळ मेथडच चालू दे), नवीन असेल तरच तुझा हिशोब. शिवाय उद्या कोणी सर्व्हर बदलताना स्टार्ट स्क्रिप्टमधून जावाएजंटची ओळ गाळली तर काहीही एरर न येता जुनं राउंडिंग परत सुरू होईल, महिनाभर कोणाला कळणारही नाही. अ‍ॅप सुरू होतानाच एक नमुना आयटम बिलसेव्हच्याच वाटेने चालवून बघ, रकमेतले पैसे राउंड होऊन उडाले तर अ‍ॅप सुरूच होऊ देऊ नकोस.

राजवाडा_जावा:
काका, रीप्रिंटला खरंच नव्याने काढतंय, आत्ताच चालवून बघितलं. पण राउंडऑफला फक्त रक्कम मिळते, तारीख नाही, ती कुठून आणू?

पलासिया21:
बिलसेव्ह आणि रीप्रिंट दोन्हींवर अ‍ॅडव्हाइस लाव, तिथे बिल आर्ग्युमेंटमध्ये येतं, तारीख थ्रेडलोकलमध्ये (त्या थ्रेडपुरत्या जागेत) ठेव, राउंडऑफचा अ‍ॅडव्हाइस ती तिथून वाचेल, आणि फायनलीमध्ये आठवणीने काढ.