तातडीचं: नातीचा पासपोर्ट आणि डिसेंबर

अरविंदकाका (पाचपाखाडी, ठाणे):
मंडळी, आमच्या परागच्या, ब्रिटनमध्ये जन्मलेल्या लेकीला पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. डिसेंबरात आमच्या सौ.च्या पंच्याहत्तरीसाठी नौपाड्यात हॉल घेऊन ठेवलाय. आणि आता पराग सांगतो, पोरीला पासपोर्टच नाही! तिथल्या भारतीय हाय कमिशनात (वकिलातीत) जन्मनोंदणी मुद्दाम केली नाही म्हणे. गणपतीत आपल्या मराठी मंडळातल्याच कुणीतरी सांगितलं, नोंदणी नाही केली तर पोर 'स्टेटलेस', म्हणजे कुठल्याच देशाची नसलेली, ठरते आणि पाच वर्षांनी ब्रिटिश होते. दोघंही अजून वर्क व्हिसावर. हे खरं का?

मिलिंद:
काका, अगदीच हवेतलं नाही ते. आईवडील भारतीय असले तरी 2004च्या डिसेंबरानंतर परदेशात जन्मलेलं मूल नोंदणीशिवाय भारतीय नागरिक होत नाही. सेटल्ड नसलेल्यांचं, म्हणजे कायम राहायची परवानगी नसलेल्यांचं, मूल ब्रिटनमध्ये जन्मलं म्हणून ब्रिटिशही नाही. म्हणजे कुठलाच देश त्याला आपलं म्हणत नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या 1954च्या करारात स्टेटलेसची व्याख्या तीच आहे. लंडनच्या हायकोर्टाने 2017 मध्ये अशाच एका भारतीय जोडप्याच्या मुलीच्या बाजूने निकाल दिला होता.

शुभदा (व्हिसा उपसमिती):
असे प्रश्न आधी उपसमितीकडे पाठवायचे, हे वार्षिक सभेत ठरलंय. असो. मिलिंदने अर्धीच गोष्ट सांगितली. 2022च्या ब्रिटिश कायद्याने ती फट बुजवली. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला दुसरं नागरिकत्व सहज मिळण्यासारखं असेल तर होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) आता नाही म्हणतं. आपल्या मुलांना ते एका अर्जावर मिळतं.
काका, परागला सांगा, वर्षाच्या आत नोंदणी करा. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लेखी द्यावं लागतं, तेवढंच.

नितीन (वाशी):
एवढी यातायात कशाला? ओसीआय काढा, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड. आमच्या धाकट्याचं काढलं होतं, काही त्रास नाही. फोटो मात्र दोनदा परत आले.

शुभदा:
नितीन, तुमचा धाकटा जन्मतः ब्रिटिश. ओसीआय दुसऱ्या देशाच्या नागरिकाला मिळतं. या पोरीला देशच नाही.

मिलिंद:
मग 1954च्या करारातलं कलम 28? स्टेटलेस माणसाला प्रवासाचा कागद द्यायची सोय आहे त्यात. ब्रिटनने दोन्ही करार मान्य केलेत, 1954चा आणि स्टेटलेस लोक कमी करण्यासाठीचा 1961चाही.

शुभदा:
ब्रिटनने केलेत, भारताने एकही नाही. शिवाय आधी होम ऑफिसने पोरीला स्टेटलेस मानायला हवं, मग कागद, मग त्यावर भारताचा व्हिसा. व्हिसा मागायला गेलात की समोरचा अधिकारी पहिलं हेच विचारेल, 'अहो, नोंदणी का नाही केली?' डिसेंबर कुठला, पुढचा गणपती येईल.

वसुधाताई (कल्याण):
माझं माहेर उल्हासनगरच्या वेशीवर. फाळणीनंतर सिंधी मंडळी कल्याण कॅम्पात आली, त्या कॅम्पाचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. घटनेतली तारीख होती 19 जुलै 1948. त्याआधी आलेले बहुतेक आपोआप नागरिक, नंतरच्यांना अर्ज करून नोंदणी. शेजारच्या काकी तो नोंदणीचा कागद देव्हाऱ्यात ठेवायच्या. म्यानमारमधल्या रोहिंग्यांना 1982च्या नागरिकत्व कायद्याने कसं बिनदेशी केलं ते आपण वाचतोच. आणि आपण हौसेनं पोरीला बिनदेशी ठेवतोय? परागला माझ्यातर्फे दोन शब्द ऐकवा.

मिलिंद:
ताई, कायद्यात सोय आहे म्हणून लोक विचारतात, त्यात हौस कसली. परागला ऐकवण्याआधी गणपतीतला तो सल्लागार शोधा.

नितीन:
तो मी नव्हे!

अरविंदकाका:
परागशी बोललो. अपॉइंटमेंट घेतोय, फॉर्म सूनबाई भरणार. शुभदा, जन्मदाखला ब्रिटनमधल्या कौन्सिलचा (पालिकेचा) चालेल ना, की त्यावर आणखी शिक्का लागतो? आणि पासपोर्ट हातात यायच्या आत तिकिटं काढू का? हॉलवाला उरलेली रक्कम मागतोय.

शुभदा:
दाखला मूळ प्रतच न्या. तिकिटं आत्ता नको. फॉर्म पाठवायच्या आधी मला दाखवा, मंडळाच्या लिस्टवर सगळ्यांसमोर नको.