उत्तर: क्वेरी पार्स होत नाही, बॅकस्लॅश लावूनही तीच एरर

प्रश्न असा आहे की इलॅस्टिकसर्चमध्ये (मजकूर शोधायचं सॉफ्टवेअर) शोध टाकला की क्वेरी, म्हणजे शोधाची ओळ, पार्स होत नाही अशी एरर येते आणि बॅकस्लॅश (\) लावूनही ती जात नाही. वरच्या एका उत्तरात म्हटलंय की कोलनमुळे इलॅस्टिकसर्च चिडतं, आधी बॅकस्लॅश लावा. कोलनपुरतं बरोबर आहे. पण मूळ प्रश्नातल्या शोधात कोलन नाहीच, तिरपी रेघ (/) आहे. क्वेरी-स्ट्रिंग या शोधप्रकारात खास चिन्हांना अर्थ असतो, आणि तिरपी रेघ म्हणजे रेजेक्सची (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत) सुरुवात. नमुना बंद करणारी दुसरी रेघ सापडली नाही की पार्सर, म्हणजे क्वेरी वाचणारा भाग, हात टेकतो. मेमरी वाढवायचा सल्ला कुणी दिलाय, त्याचा इथे काही संबंध नाही.

आमच्याकडे बडोद्यात एका जुन्या संस्थेचे स्कॅन केलेले कागद शोधायला ठेवलेत. जावक क्रमांक सगळे '४५/१९३२' छापाचे, त्यामुळे हा त्रास रोजचाच. बॅकस्लॅश लावूनही तीच एरर का, तर क्वेरी ज्या मांडणीत पाठवतो त्या जेसनमध्ये बॅकस्लॅश आणि तिरपी रेघ हे मिळून नुसती तिरपी रेघच होते. म्हणजे तुमचा बॅकस्लॅश पार्सरपर्यंत पोचतच नाही, तोही गुपचूप. दोन बॅकस्लॅश द्या. आणि '१२/३/१९०८' अशी तारीख टाकली तर त्याहून वाईट: एरर येत नाही, मधल्या ३ चं रेजेक्स होतं आणि भलतेच कागद समोर येतात!

लोक स्वतः टाइप करणार असतील तर सरळ सिंपल-क्वेरी-स्ट्रिंग हा दुसरा शोधप्रकार वापरा, ती वाकड्या इनपुटवर एरर देत नाही. फक्त स्टँडर्ड टोकनायझर (मजकुराचे शब्द सुटे करणारा भाग) ४५ आणि १९३२ वेगळे करतो, म्हणून क्रमांक अवतरणात टाका, म्हणजे दोन्ही आकडे सलगच शोधले जातील. नाहीतर कीवर्ड फील्ड (ज्यात मजकूर न तोडता अख्खा साठवतात) ठेवून टर्म क्वेरी (तंतोतंत जुळणारा शोध) मारा. आम्ही तेच केलंय.