एलसॅट (अमेरिकेतल्या लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा) १६२ आलाय. परत देऊ की मिळतंय ते कॉलेज घेऊ?

अर्धवट_इंजिनिअर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ३४. भारतात बीई इलेक्ट्रॉनिक्स (६८ टक्के, फर्स्ट क्लास, तेव्हा वाटलेलं आता पुढे कोण विचारतंय), मग अमेरिकेत येऊन एमएस आणि तेव्हापासून चिप डिझाइनची नोकरी. ग्रीन कार्ड आहे. ऑफिसात आमच्या टीमच्या पेटंटची कागदपत्रं वकिलांना समजावून सांगायचं काम दरवेळी माझ्याच गळ्यात पडायचं, त्यातून कधी गोडी लागली कळलंच नाही, आणि आता जेडी (अमेरिकेतली वकिलीची पदवी) करायचं डोक्यात बसलंय. नवरा म्हणतो खूळ चांगलं आहे पण महाग आहे.

एलसॅट ऑक्टोबरमध्ये दिली, १५९. जानेवारीत परत दिली, १६२. घरी लॉहबवर (सरावाच्या टेस्टची वेबसाइट) वेळ लावून टेस्ट दिल्या की १६६-१६७ येतात, मग तिकडे काय माती खाते देव जाणे. रीडिंगचा शेवटचा पॅसेज दोन्ही वेळा अर्धा राहिला.

आता परिस्थिती अशी की एका कॉलेजचं पत्र आलंय, घरापासून पाऊण तासावर, त्यांचा मीडियन (घेतलेल्या मुलांच्या एलसॅटचा मधला आकडा) १५८ आहे आणि तीन चतुर्थांश ट्यूशन माफ करतायत. दुसरं कॉलेज मोठ्या नावाचं, मीडियन १६७, तिथे वेटलिस्टवर टाकलंय. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा देऊन वेटलिस्टवाल्यांना नवा स्कोअर पाठवू का, की एक वर्ष थांबून सगळीकडे नव्याने अर्ज करू, की गपचूप जवळचं घेऊ? आणि माझ्या ६८ टक्क्यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी, साधारण ४ पैकी) किती धरतात? स्कोअरला खरंच इतकं महत्त्व असतं का? कामाचा अनुभव, एसओपी (अर्जासोबतचा निबंध) वगैरे कोणी वाचतं की नाही?

उगाच_एक

६८ टक्के म्हणजे साधारण २.८ धरतील, लो जीपीए आहे, त्यामुळे एलसॅट १७० च्या वर नेल्याशिवाय मोठ्या कॉलेजचा विचार सोडा. किंवा सरळ जीआरई (एमएसला वगैरे लागते ती परीक्षा) द्या, आता जीआरई पण चालते.

वकीलकाका

वरचं उत्तर चुकीचं आहे, राग मानू नका, पण ही गल्लत इतके लोक करतात की एकदा नीट लिहितो.

बॅचलर्स डिग्री अमेरिका-कॅनडाच्या बाहेरची असेल तर एलसॅक (एलसॅट घेणारी संस्था) तिचा आकड्यात जीपीए काढतच नाही. ट्रान्सक्रिप्ट तपासतात आणि शेरा देतात, सुपीरिअर, अबव्ह अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज, बिलो अ‍ॅव्हरेज, बस. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगचे ६८ टक्के म्हणजे तिकडचे ६८ नव्हेत हे तपासणाऱ्यांना माहीत असतं, फर्स्ट क्लासवाल्यांना चांगले शेरे मिळालेले पाहिलेत मी. एमएसचा जीपीए मात्र त्या हिशोबात येत नाही, तो फक्त अर्जाची शोभा.

आता याचा परिणाम काय ते बघा. कॉलेज दरवर्षी आपल्या नव्या बॅचचे आकडे अमेरिकन बार असोसिएशनला कळवतं, एलसॅटचे आणि जीपीएचे, प्रत्येकी खालचा पाव, मधला आणि वरचा पाव. अ‍ॅडमिशनवाल्यांचं सगळं लक्ष त्या मधल्या आकड्यावर, तो घसरू नये म्हणून त्यांची धडपड. तुम्हाला जीपीएच नाही म्हणजे तुम्ही त्यांचा जीपीए वर नेत नाही आणि खालीही ओढत नाही. राहिला एकटा एलसॅट. मीडियनपेक्षा कमी एलसॅट असलेली इथली मुलं पण घेतातच, निम्मा वर्ग मीडियनच्या खाली असणारच की, पण त्या मुलांकडे बहुतेक वेळा ३.९ वगैरे जीपीए असतो, म्हणजे एक आकडा खाली तर दुसरा वर. तुमच्याकडे तो दुसरा आकडाच नाही. म्हणून १६७ मीडियनच्या कॉलेजात १६२ घेऊन वेटलिस्ट मिळाली हेच खरं तर तुमचा बाकी अर्ज कोणीतरी मन लावून वाचल्याचं लक्षण आहे.

जीआरईचं म्हणाल तर २०१६ मध्ये अ‍ॅरिझोनाने सुरुवात केली, पुढच्या वर्षी हार्वर्ड, मग बरेच आले. पण एकदा एलसॅट दिलीत की ती लपवता येत नाही, पाच वर्षांतले सगळे स्कोअर रिपोर्टवर दिसतात. दिसले तरी घाबरू नका, कॉलेज मोजताना सगळ्यात वरचाच धरतं. १५९ कोणी लक्षात ठेवणार नाही.

थंडगार_मिशिगन

काका बरोबर बोलले. एक भर. परत द्यायला हरकत काहीच नाही, चालू पाच वर्षांच्या काळात पाच वेळा आणि जन्मभरात सात वेळा देता येते, तुमच्या दोनच झाल्यात. घरी १६६-६७ सातत्याने येत असेल तर मी तरी १६२ वर थांबलो नसतो.

ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स काढून टाकलेत, आता दोन लॉजिकल रीझनिंग, एक रीडिंग आणि एक प्रयोगाचा सेक्शन ज्याचे मार्क धरत नाहीत (कुठला तो कळत नाही, त्यामुळे सगळेच जीव तोडून सोडवायचे). प्रत्येकी ३५ मिनिटं. म्हणजे रीझनिंगचं वजन दुप्पट झालं. तुम्ही रीडिंगच्या शेवटच्या पॅसेजवर जीव टाकताय पण मार्क तिकडे पडलेत, रीझनिंगच्या दोन सेक्शनमध्ये. मी स्वतः जुन्या टेस्ट ढिगाने सोडवत होतो आणि स्कोअर ढिम्म हलत नव्हता, मग एक वही केली, चुकलेला प्रत्येक प्रश्न, मी निवडलेलं उत्तर मला का पटलं आणि बरोबर उत्तर मी का खोडलं, दोन ओळी, स्वतःच्या शब्दांत. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मार्क तिथून आले.

रात्रशाळा

ताई, सगळे स्कोअरबद्दल बोलतायत, मी पैशाबद्दल बोलते कारण मी तिथे पोळलेय.

त्या ७५ टक्के माफीच्या पत्रात अट आहे का ते आधी वाच. मला पण अशीच घसघशीत स्कॉलरशिप मिळालेली (कॉलेजचं नाव नाही सांगत), खाली एक ओळ होती की पहिल्या वर्षाअखेर ३.० राखला पाहिजे. मी म्हटलं हा काय जोक आहे, आयुष्यात कधी ३.५ च्या खाली नव्हते. पण लॉ स्कूलमध्ये पहिलं वर्ष कर्व्हवर असतं, प्रोफेसरला ठरलेल्या प्रमाणातच ए आणि बी देता येतात, सगळे हुशार असले तरी कोणीतरी खाली बसणारच. आमच्या कर्व्हचा मध्यच ३.० च्या खाली होता. म्हणजे स्कॉलरशिप दिलेल्यांतल्या काहींची जाणार हे कागदावर आधीच ठरलेलं होतं आणि मी ते वाचलंच नाही. २.९४ आला. ०.०६ ने पुढच्या दोन वर्षांची पूर्ण फी अंगावर.

प्रत्येक कॉलेजला '५०९ रिपोर्ट' वेबसाइटवर टाकावा लागतो, दर डिसेंबरात नवा येतो. त्यात एलसॅटचे आकडे असतातच, पण खाली एक तक्ता असतो, अटीच्या स्कॉलरशिपवर किती जण आले आणि त्यातल्या किती जणांची कापली किंवा गेली. तो तक्ता आधी बघ, बाकी ब्रोशर नंतर. अट असेल तर मेल टाकून काढून टाकायला सांग, किंवा नुसतं 'गुड स्टँडिंग' (कॉलेजातून काढतील इतकं खाली न जाणं) एवढीच ठेवा म्हण. मागायला काय जातं.

वकीलकाका

रात्रशाळा यांनी फार मोलाचं सांगितलं. ३४ व्या वर्षी, पगार सोडून जाणाऱ्या माणसाला १६२ आणि १६७ मधल्या फरकाने कुठे घेतील यापेक्षा किती घेतील हे जास्त बदलतं. ज्या कॉलेजचा मीडियन १५८ आहे त्यांना तुमचा १६२ हवाय म्हणून ते पैसे सोडतायत. १६७ आला तर त्याच कॉलेजकडून पूर्ण माफी मागता येईल, किंवा त्याच्या वरच्या दोन-तीन कॉलेजांकडून पत्रं आणून घासाघीस करता येईल. एकाचं पत्र दुसऱ्याला दाखवणं यात लाजण्यासारखं काही नाही, इथे सर्रास चालतं. फक्त अर्ली डिसिजनच्या (घेतलंत तर तुमच्याकडेच येईन असं आधीच लिहून देणं) बंधनात अडकू नका, तिथे सही केलीत की घासाघीस संपली.

कर्ज काढणार असाल तर हे पण बघा, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) बंद. लॉसारख्या प्रोफेशनल डिग्रीला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० पर्यंतच. मोठ्या नावाच्या कॉलेजात फी आणि राहणं मिळून वर्षाचा आकडा त्याच्या खूप वर जातो, वरचे पैसे खासगी बँकेकडून, त्यांच्या व्याजाने. पूर्वी लोक डोळे मिटून मोठं नाव घ्यायचे ते आता जरा थांबून हिशोब करतील असं मला वाटतं.

उगाच_एक

जीपीएचं माहीत नव्हतं, धन्यवाद काका. पण रँकिंगला एवढं कमी लेखू नका हो. बिग लॉवाले (मोठ्या लॉ फर्म) पहिल्या वर्षाला २,२५,००० देतात आणि ते ठराविक कॉलेजांतूनच घेतात. बाकीच्यांचे पगार त्याच्या निम्म्याहून कमी, मधे फारसं कोणी नाही. आलेखावर दोन टेकड्या आणि मधे दरी. एका वर्षाने त्या दुसऱ्या टेकडीवर जाता येत असेल तर थांबावं.

थंडगार_मिशिगन

रँकिंगचं पण बदललंय. २०२२ च्या नोव्हेंबरात येल आणि हार्वर्डने रँकिंग काढणाऱ्या यूएस न्यूजला आकडे द्यायचं बंद केलं, मागोमाग बरेच बाहेर पडले, मग पुढच्या वर्षी त्यांनी सूत्रच बदललं. एलसॅट-जीआरईचं वजन ११.२५ टक्के होतं ते ५ वर आणलं आणि नोकऱ्या, बार (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) पास होणं यांचं वाढवलं. गंमत म्हणजे अ‍ॅडमिशन ऑफिसं अजून मीडियनच्याच मागे, सवय जात नाही. त्यामुळे रँकिंग बघायचं तर त्यातले नोकरीचे आकडे उघडून बघा, पूर्णवेळ, वकिलीचा परवाना लागतो अशा नोकऱ्या किती जणांना, आणि कुठल्या राज्यात. देशभर चालणारी कॉलेजं मोजकी, बाकीच्यांची पोरं शंभर मैलांच्या आतच लागतात.

आणि जवळचं घेऊन एका वर्षाने ट्रान्सफर मारू असा बेत करू नका. ट्रान्सफर वरच्या नंबरांनाच मिळते, त्या वर्तुळात आपण असू असं प्रत्येकालाच वाटतं. मिळाली तरी स्कॉलरशिप मागे राहते.

पेटंट_पुराण

इतकं सगळं बोललात आणि मुख्य मुद्दा कोणी काढलाच नाही. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे म्हणजे पेटंट ऑफिसची परीक्षा जेडी न करताच देता येते. पास झाल्या की पेटंट एजंट. अर्ज लिहिणं, एक्झामिनरशी भांडणं, हे सगळं एजंट करू शकतो, फक्त कोर्टात उभं राहणं वगैरे नाही. मी असाच आत शिरलो. आमच्या क्षेत्रात सर्किट कळणारा माणूस मिळणं इतकं अवघड आहे की कॉलेजचं नाव बाकी वकिलांइतकं आड येत नाही. काही फर्म एजंटला संध्याकाळच्या लॉ स्कूलची फी पण देतात, सगळ्या नाही, विचारावं लागतं.

संध्याकाळच्या कोर्सला चार वर्षं लागतात तीनच्या ऐवजी, पण पगार चालू राहतो. जॉर्जटाउन, फोर्डहॅम यांच्याकडे पण आहे. आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळच्या वर्गाचे एलसॅटचे आकडे दिवसाच्या वर्गापेक्षा थोडे सैल असतात, तोच ५०९ रिपोर्ट उघडा, त्यात पार्टटाइमचा रकाना वेगळा असतो. आधी एजंटचं काम वर्षभर करून बघा असं मी म्हणेन. क्लेम (शोधावर नेमका कशाचा हक्क मागतोय ते) लिहिणं रोज आठ तास सोसतंय का ते तरी कळेल. मला आवडतं, माझ्याबरोबर लागलेले दोघं सहा महिन्यांत पळाले.

अर्धवट_इंजिनिअर

अरे बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार.

रात्रशाळा, ऑफिसातून आल्या आल्या पत्र काढून वाचलं. अट आहे. ३.०च. तिसऱ्या पानावर. मग ५०९ उघडला, तो तक्ता बघून पोटात गोळा आला, नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला आपण घर घेताना एवढं बारीक वाचलं होतं, इथे कसं नाही वाचलं. त्यांना मेल टाकलाय, अट काढा म्हणून, भाषा गोड ठेवलीये.

काका, एलसॅकचा रिपोर्ट शोधला, शेरा 'अबव्ह अ‍ॅव्हरेज' आहे, मी तो कागद कधी उघडलाच नव्हता, २.८ चं ओझं उगाच वागवत होते.

पेटंट_पुराण, ही एजंटची गोष्ट ऐकून माहीत होती पण ती आपल्यासाठी असेल असं कधी वाटलं नाही. आमच्या पेटंटचं काम बघणाऱ्या फर्ममध्ये एक बाई आहेत, उद्या त्यांना विचारते की त्यांच्याकडे संध्याकाळचं कॉलेज करणारं कोणी आहे का. एप्रिलची तारीख मात्र आत्ताच बुक करून टाकली, वहीपण आणली.

थंडगार_मिशिगन, त्या वहीत तुम्ही बरोबर आलेले पण अंदाजाने मारलेले प्रश्न लिहायचात का? माझे तसले फार आहेत.

थंडगार_मिशिगन

तेच आधी लिहा. टेस्ट सोडवतानाच ज्याची खात्री नाही त्याच्यावर खूण करत जा, नंतर आठवत नाही, बरोबर आलं की वाटतं आपल्याला येतच होतं.