रेडिओग्राफीच्या खोलीला शिशाच्या काचेची खिडकी चालेल का?

शिरोलीकर
शिरोली एमआयडीसीतील आमच्या फौंड्रीत व्हॉल्व्हच्या कास्टिंगची रेडिओग्राफी (किरणांनी आतले दोष टिपणारी तपासणी) करण्यासाठी बंदिस्त खोली बांधण्याचे घाटत आहे. किरणांचा स्रोत इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी पदार्थ असेल आणि भिंती ४५ सेंटीमीटर काँक्रीटच्या ठेवण्याचा विचार आहे. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसावे, अशी मालकांची इच्छा आहे. पुरवठादाराने रुग्णालयांच्या एक्स-रे कक्षाला बसवतात ती '२ मिलिमीटर शिशाच्या तोडीची' (तेवढ्या शिशाइतके किरण अडवणारी) काच सुचवली आहे. ती इथे पुरेल का? की हल्ली ज्या बिस्मथच्या शिसेविरहित काचेविषयी बोलले जाते, ती घ्यावी?

फिल्मवाचक
ती काच मुळीच पुरणार नाही. 'शिशाच्या तोडीची' हा आकडा ज्या ऊर्जेला मोजलेला असतो तिथेच खरा असतो, आणि रुग्णालयातील काचेसाठी तो साधारण १०० ते १५० किलोव्होल्टच्या एक्स-किरणांना मोजतात. इरिडियमचे गॅमा किरण बरेच अधिक भेदक आहेत. त्यांची तीव्रता निम्मी करायला सुमारे ५ मिलिमीटर शिसे लागते, म्हणजे २ मिलिमीटर शिशातून जवळजवळ तीन-चतुर्थांश किरण सहज पलीकडे जातील. तुमच्या भिंतीची गोष्ट वेगळी आहे: काँक्रीटची अर्धमूल्य जाडी (तीव्रता निम्मी करणारी जाडी) सुमारे साडेचार सेंटीमीटर असल्याने ४५ सेंटीमीटरमध्ये तीव्रता दहा वेळा निम्मी होते, म्हणजे ती हजारपट घटते. खिडकीनेही तेवढेच करावे, असे म्हणायचे तर ५ सेंटीमीटर शिसे किंवा त्याच्या जवळपास तिप्पट जाडीची, ५.२ घनतेची जड काच हवी. शिवाय काच आणि चौकट यांच्यामधल्या सरळ फटीतून किरण निसटतात, म्हणून चौकटीला पायऱ्यापायऱ्यांची खाच द्यावी लागते. एवढा खर्च कशासाठी?

काचभट्टी
बिस्मथविषयी थोडे सांगतो, कारण आमच्या प्रयोगशाळेत बिस्मथ-बोरेट काच वितळवतो. बिस्मथचा अणुक्रमांक ८३ आणि शिशाचा ८२, त्यामुळे किरण अडवण्यात दोघांत फारसे अंतर नाही. फायदा आहे तो शिशाची विषारी वाफ टळण्याचा. मात्र बिस्मथ ऑक्साइडचे प्रमाण वाढवले की काच पिवळी, पुढे तपकिरी होत जाते, आणि जिच्यातून पाहायचे तिच्याबाबतीत हा दोष लहान नाही. मोठ्या जाडीचा, ताण नसलेला, स्वच्छ तुकडा ओतणे तर त्याहून अवघड. बहुतेक नमुने बोटभर असतात. अणुप्रकल्पांच्या हॉट सेलला (तीव्र किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याच्या बंदिस्त कक्षाला) आजही शिशाचीच काच बसवतात. किरणांच्या दीर्घ माऱ्याने साधी काच काळवंडते, म्हणून त्या काचेत सिरियम ऑक्साइड मिसळलेले असते.

शिरोलीकर
आभारी आहे. पुढे जाड कास्टिंगसाठी कोबाल्ट-६० आणायचे झाले तर?

फिल्मवाचक
मग शिशाची अर्धमूल्य जाडी सुमारे १२ मिलिमीटर होते, आणि ४५ सेंटीमीटरच्या भिंतीचाही हिशेब नव्याने करावा लागेल. कोबाल्टच्या १.१७ आणि १.३३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला कॉम्प्टन विकिरणच, म्हणजे इलेक्ट्रॉनवर आदळून किरणांचे विखुरणेच, प्रमुख असते. तिथे काचेत कोणते मूलद्रव्य आहे यापेक्षा तिची घनता अधिक महत्त्वाची ठरते. तेव्हा मालकांना सांगावे की खिडकी वगळून आत कॅमेरा बसवू, पडदा बाहेर ठेवू, आणि दाराला इंटरलॉक (स्रोत उघडा असताना दार उघडू न देणारी यंत्रणा) देऊ. नकाशा मात्र बांधकामाआधी तुमच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांमार्फत अणुऊर्जा नियामक मंडळाकडे मंजुरीसाठी गेला पाहिजे.