साडेतीन लाखांत जुनी डिझेल सेडान : डिझायर, इटिऑस की दिल्लीची व्हर्ना?

पाटण_कराड_फेरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी खतं-औषधांच्या कंपनीत फिल्डवर आहे. कराडहून सकाळी निघायचं, मल्हारपेठ, पाटण, तारळे, एखाद दिवस विटा, आणि रात्री घर. महिन्याचे २४ दिवस तरी, दिवसाला सरासरी ११० किलोमीटर. इतके दिवस भावाची जुनी हॅचबॅक वापरत होतो. मागं कीटकनाशकाचे सॅम्पल बॉक्स. झाकणं कितीही घट्ट लावा, वास सुटायचाच. गेल्या महिन्यात आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे सांगलीला नेलं, तिनं कराडला नाकाला लावलेला पदर सांगली येईपर्यंत काढला नाही. तेव्हाच ठरवलं, डिकी वेगळी असेल अशीच गाडी घ्यायची. उंच गाडीत तिला चढता येत नाही, म्हणून सेडान.

बजेट सगळं धरून साडेतीन लाख. तीन गाड्या बघून ठेवल्यात:

डिझायर व्हीडीआय, २०१५, एमएच-१० पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ९८ हजार. मागणी ४.१०, एजंट म्हणतो ३.६० ला बसवून देतो. रंग, सीट कव्हर, मॅटिंग, सगळं चकाचक.

इटिऑस जीडी, २०१४, एमएच-१२, एकच मालक, १ लाख ६५ हजार किलोमीटर, मागणी ३.२५. बंपरला ओरखडे, एका दाराला पोचा, सीटला चहाचे डाग.

व्हर्ना १.६ सीआरडीआय, २०१६, दिल्ली पासिंग, ७० हजार, फक्त २.७०. चालवून बघितली. १२८ पीएसचं इंजिन आहे, पाय ठेवला की गाडी पळते. खोटं कशाला बोलू, मन तिच्याकडंच ओढतंय.

काय करू?

सीएनजी_झिंदाबाद

आता डिझेल कोण घेतं हो? पेट्रोल-सीएनजी घ्या आणि मोकळे व्हा.

पाटण_कराड_फेरी

दादा, सीएनजीची टाकी डिकीत बसली की माझे बॉक्स परत मागच्या सीटवर. शिवाय पंपावरच्या रांगेत अर्धा तास गेला तर एक दुकान बुडतं. पेट्रोलचा हिशोब मांडून बघितला. महिन्याला साधारण २,६४० किमी. डिझेल २० चं अॅव्हरेज धरलं तर १३२ लिटर, ९१ रुपयांनी १२ हजार. पेट्रोल १६ धरलं तर १६५ लिटर, १०४ रुपयांनी १७ हजारांच्या वर. महिन्याला पाच हजारांचा फरक पडतो.

निवृत्त_डेपोवाला

एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, आता घरापुढं पत्र्याच्या शेडमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या बघतो. तुमचा हिशोब बरोबर आहे. रोज शंभरच्या वर पळणाऱ्यानं डिझेल घ्यावं, दिवसाला वीस किलोमीटर जाणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. तुमच्या बजेटात बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली गाडीच येणार. म्हणजे बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरात काजळीचा फिल्टर असतो, तो गावातल्या गावात फिरून तुंबतो, ती भानगड तुम्हाला नाही.

मॉडेलवर फार वेळ घालवत नाही. डिझायरचं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. आम्ही त्याला नॅशनल इंजिन म्हणतो, कारण स्विफ्टमध्ये तेच, विस्टा-मांझात तेच, लिनियात तेच, झेस्टमध्ये पण तेच. कुठल्याही तालुक्याला पार्ट मिळतो, मिस्त्रीचा हात बसलेला असतो. डिझायरला ते ७५ पीएसचं आहे. टायमिंग चेन असते, बेल्ट नाही. इटिऑसचं १.४ लिटर, ६८ पीएस. पळायला मंद, आवाज ट्रॅक्टरच्या चुलत भावासारखा, पण गुमान काम करतं. तुमच्या बॉक्सच्या दृष्टीनं म्हणाल तर इटिऑसची डिकी ५९५ लिटरची, तुमच्या डिझायरची ३१६. डिझायर चार मीटरच्या आत बसवून कर वाचवायचा म्हणून मागून कापलीय. एकदा दोन्ही डिक्या उघडून बॉक्स ठेवून बघा.

आता तुम्ही 'चकाचक' लिहिलंय तिथं माझा डोळा अडकला. एमएच-१० म्हणजे सांगली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा सांगलीत पाणी शिरलं. २०१५ ची गाडी त्या दोन्ही वेळी रस्त्यावर होती. सांगलीची प्रत्येक गाडी बुडालेली नसते, हे मलाही कळतं. पण माझ्या भाच्यानं २०२० साली अशीच नवीन मॅटिंगची, नवीन सीट कव्हरची गाडी घेतली. पहिल्या पावसाळ्यापर्यंत बरी चालली. मग कधी हॉर्न वाजायचा नाही, कधी पॉवर विंडो अर्ध्यात थांबायची, एकदा तर वायपर आपोआप सुरू. माझ्याकडं आणली. मी सीटबेल्ट धरला आणि पार शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. पुढचा, जो कायम रिळात गुंडाळलेला असतो, त्यावर पिवळट रेघ आणि बोटाला बारीक गाळ. विकणाऱ्यानं सगळं धुतलं, तेवढं राहिलं.

म्हणून चारी बेल्ट शेवटपर्यंत ओढा. स्टेपनी काढा, तिच्या खड्ड्याच्या कडेला बोट फिरवा. पुढच्या सीट मागं सरकवून खालचे बोल्ट बघा, गंजलेत का. मॅटिंगचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा, वास घ्या. एजंट नको म्हणाला तर तिथूनच माघारी या.

दुसरी गोष्ट ९८ हजारांची. २०१५ ला डिझेल गाडीला जादा पैसे मोजणारा माणूस वर्षाला दहा हजार फिरतो? फिरत असेल एखादा, पण मला त्या माणसाला भेटायला आवडेल. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग हात धरायच्या जागी गुळगुळीत झालंय का बघा. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, मालकाला सोबत न्या, शेवटची नोंद किती किलोमीटरला आहे ते विचारा. इटिऑसचे १ लाख ६५ हजार मला उलट खरे वाटतात. फक्त ती आधी पिवळ्या पाटीवर चालली का ते बघा. इटिऑस आणि डिझायर दोन्ही टॅक्सीत लई चालल्यात. प्रायव्हेट करून विकलेली असेल तर आरटीओच्या नोंदीत ते असतं.

इंजिन असं बघा. मालकाला आदल्या रात्रीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम असेल तर तो काहीतरी झाकतोय. थंड असेल तर चावी फिरवा, स्प्रिंगसारखं चिन्ह विझेपर्यंत थांबा, मग सेल मारा. पहिल्या झटक्यात उठली पाहिजे. सुरुवातीचे चार-पाच सेकंद पुढच्या बाजूनं खळखळ आली तर चेन सैल झालीय. धूर बघायला एक माणूस मागं उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळे ढग आले तर इंजेक्टर नाहीतर टर्बोचा पाइप.

मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा आणि तिथंच उलटं ठेवा. झाकण थोडं थरथरलं तर चालतं. ताटलीसारखं नाचून बाजूला पडलं, वर धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरचा दाब खाली गळतोय. असं इंजिन खोलावं लागतं आणि तुमचं बजेट तिथंच संपतं. या एका चाचणीवर मी आजवर निदान वीस सौदे मोडलेत, एजंट लोक मला बघून चहा पण विचारत नाहीत.

क्लचसाठी सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. रेस चढून गाडी जागेवरच गुरगुरत राहिली तर प्लेट संपली. शेवटी सडावाघापूरच्या चढाला न्या, दोन माणसं बसवून. टर्बो २००० आरपीएमच्या आसपास ओढायला लागतो, त्याच्या आत सगळ्याच मंद, त्याला घाबरू नका.

साडेतीन लाख असतील तर गाडी तीन-सव्वातीनपर्यंतचीच घ्या, बाकीचे दुरुस्तीला आणि कागदांना ठेवा.

एनओसी_नको_रे_बाबा

व्हर्नावर लिहितो, कारण दिल्लीची गाडी मी घेतलीय (दुसऱ्या कंपनीची). गाडी उत्तम होती. कागदांनी मारलं.

स्वस्त का, ते आधी समजून घ्या. २०१५ मध्ये एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. तेव्हापासून आठ-नऊ वर्षं झाली की तिकडच्या डिझेल गाड्या बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. तुमची २०१६ ची आहे, म्हणजे बरोबर त्याच वयाची. गाडीत दोष असेलच असं नाही.

पण २.७० ही कागदाआधीची किंमत. दिल्लीच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) तुमच्या आरटीओच्या नावानं लागते, म्हणजे तुम्हाला कराडच्या, एमएच-५० च्या नावानं. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरलेला पाहिजे. मग इथं नव्यानं नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, गाडीची मूळ किंमत आणि वय बघून. व्हर्नाची मूळ किंमत डिझायरपेक्षा जास्त, तेव्हा टॅक्सही त्या मानानं. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथं ठेवता येत नाही. मला देणाऱ्या डीलरनं एनओसी भलत्याच जिल्ह्याच्या नावानं काढून दिली होती. ती बदलून घ्यायला सात महिने. त्या सात महिन्यांत टोलनाक्याच्या अलीकडं पोलीस दिसले की बायको म्हणायची, "आलं, तुझं सासर आलं."

डीलर टॅक्ससकट, एमएच-५० ची आरसी हातात देणार असेल तरच घ्या. आणि तसं लिहून घ्या.

इटिऑसवाली_बारामती

आमच्याकडे २०१३ ची डिझेल इटिऑस आहे, मसाल्याचा माल पोचवायला. २ लाख ३८ हजार झाले. एकदा क्लच, दोनदा पुढचं सस्पेन्शन, एक अल्टरनेटर, बॅटऱ्या, टायर. इंजिन अजून उघडलेलं नाही. ऑइल दर दहा हजाराला, चुकवलं नाही. तोटे सांगते: आवाज आत येतो, प्लॅस्टिक हलकं, आणि मीटर स्टिअरिंगपुढे नसून डॅशबोर्डच्या मधोमध. पहिले आठ दिवस मी वेग बघायला गेले की शेजारी बसलेल्या सासूबाईंना वाटायचं मी त्यांच्याकडे बघतेय. डिकीत मसाल्याची दहा पोती सहज बसतात. वास पुढे येतो थोडा, पण मसाल्याचा आहे, तुमचं औषध नाही.

पाटण_कराड_फेरी

काका, दोन्ही गाड्या बघून आलो.

डिझायर: सकाळी नऊची वेळ दिली होती, मी मुद्दाम साडेआठला गेलो. बॉनेट गरम. एजंट म्हणाला, धुवायला बाहेर काढली होती. अंग कोरडं, चाकांवर धूळ. बेल्ट ओढायला लागलो तर म्हणाला, "साहेब, गाडी घ्यायचीय का बेल्ट?" तीन बेल्ट स्वच्छ निघाले. चौथा, मागचा डावा, निम्म्यात अडकला, पुढं येईचना. गाळ होता का नव्हता, देव जाणे. मी चहा न पिता निघालो.

इटिऑस: मालक पुण्याचे, नोकरीतून निवृत्त झालेले, स्वतः चालवायचे. इंजिन थंड होतं. पहिल्या झटक्यात उठली. झाकण उलटं ठेवलं, थोडं थरथरलं, जागेवरच राहिलं. सर्व्हिस सेंटरची शेवटची नोंद १ लाख ५८ हजारांची. आरसी सुरुवातीपासून प्रायव्हेट. पण क्लचच्या चाचणीत गाडी बंद पडली नाही, गुरगुरत राहिली. कराडच्या मिस्त्रीनं प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून १४ हजार सांगितले. तेवढं दाखवून २.९५ ला मिटवलं. माझे सगळे बॉक्स डिकीत बसले आणि वर आईची चाकाची पिशवी.

व्हर्ना सोडली. डीलर टॅक्सचं लिहून द्यायला तयार नव्हता. वाईट वाटलं.

एकच अडचण. मालकांकडं चावी एकच आहे, दुसरी कधीच हरवलीय म्हणतात. टोकन दिलंय, बाकी रक्कम रविवारी. चालेल ना?

निवृत्त_डेपोवाला

चावीचं हलक्यात घेऊ नका. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी विमावाले दोन्ही चाव्या मागतात. चावी हरवल्याचं मालकांकडून सहीनिशी लिहून घ्या आणि नवीन चावी त्यांच्या खर्चानं करून मागा. ती चिपवाली असेल तर गाडीशी जोडून घ्यावी लागते, रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून नुसती कापून आणलेली सेल मारणार नाही. चावी रविवारपर्यंत होत नसेल तर पाच हजार मागं ठेवून बाकीचे द्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या समोर बसून घ्या, विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करा. ट्रान्सफरच्या आधी त्या नंबरवर ई-चलन किती थकलंय ते पण बघून ठेवा, पुण्याची गाडी आहे.