५०० तासांचं ट्रेनिंग, की नुसती सही आणि शिक्का?

शिरोळची_फार्मासिस्ट (धागाकर्ती)

सोळा वर्षं हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करतेय. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवा मुलगा रुजू झाला. डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा), मार्क चांगले, फाइलमध्ये डिप्लोमानंतर दुकानात किंवा हॉस्पिटलात करायच्या ५०० तासांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. दुसऱ्याच दिवशी एक आजी इन्सुलिन न्यायला आल्या. व्हायल, म्हणजे बाटली, ४० ची (एका मिलीत ४० युनिट), तिला सिरिंज लागते लाल टोपणाची. यानं हातात दिली १०० ची, नारिंगी टोपणाची. मी शेजारीच होते म्हणून बरं. विचारलं, लाल टोपणाची का नाही दिलीस? तर म्हणाला, "मॅडम, ती संपलीय. पण साइज सेमच आहे की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ४० च्या व्हायलमधलं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवणार. मग एक दिवस दुसरं कुणीतरी बरोबर सिरिंज देणार, आणि त्या दिवशी वाढवलेला डोस पुरा अंगात जाऊन आजी घरात चक्कर येऊन पडणार.

संध्याकाळी त्याला चहा पाजून विचारलं, ट्रेनिंग कुठं केलंस? आधी इकडचं तिकडचं बोलला. मग खरं सांगितलं. मामाच्या ओळखीच्या मेडिकलमध्ये फॉर्म नेऊन ठेवला आणि तीन महिन्यांनी सही-शिक्क्यासह परत आणला. दुकानात पाऊल टाकलं ते दोनदा, फॉर्म द्यायला आणि फॉर्म घ्यायला.

नियम काय आहे? १९९१ च्या रेग्युलेशननुसार किमान तीन महिन्यांत मिळून किमान ५०० तास, आणि त्यातले २५० तरी प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवरून औषध देण्यात. २०२० मध्ये अभ्यासक्रम बदलला, पण ५०० चा आकडा तसाच राहिला. कागदावर.

माझं मत सरळ आहे. विद्यार्थ्यानं आपापलं दुकान शोधायचं, हे आधी बंद करा. जागा कॉलेजनं नेमून द्यावी आणि निम्मे तास तरी हॉस्पिटलात व्हावेत. सही होण्याआधी काउंटरवर उभं करून तोंडी परीक्षा घ्यावी. डी.फार्मनंतर रजिस्ट्रेशनसाठी द्यायच्या एक्झिट एक्झामचं मला कौतुक सांगू नका. तीन पेपर, तेही बहुपर्यायी. सिरिंज हातात धरल्याशिवाय हे कसं कळणार?

खान्देशी_मेडिकलवाला

ताई, आजींचं वाचून काटा आला, पण खापर नेहमीप्रमाणे आमच्या डोक्यावर? २७ वर्षं तालुक्याच्या गावी दुकान चालवतोय, स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, भाड्याचं सर्टिफिकेट लावून बसलेलो नाही.

तुमच्या हॉस्पिटलात पोरगा काय शिकणार? वॉर्डातून इंडेंट (औषधांची मागणी) येतो, डबा भरायचा, खाली नोंद करायची. पेशंटचं तोंड दिसतं का? माझ्याकडं बाई येते, हातात फाटक्या स्ट्रिपचा तुकडा, नाव कापून गेलेलं. "अशीच पांढरी द्या, बीपीची." आता इथं काय करायचं, हे कुठल्या वॉर्डात शिकवतात?

परवाचीच गोष्ट. एक पोरगी तापाच्या बाळाला घेऊन आली. आधी ड्रॉप्स नेले होते, आता म्हणे "तेच औषध मोठ्या बाटलीत द्या, स्वस्त पडतं." पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५, नाहीतर २५०. उद्या सिरपची सवय लागल्यावर हिनं ड्रॉप्सची बाटली चमच्यानं पाजली, की बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम! दहा मिनिटं तिला समजावत बसलो, मागं लाइन लागली, लोक बोंबलत होते. हे शिक्षण काउंटरवरच मिळतं.

आणि कॉलेजचं सांगू? २७ वर्षांत "आमचा मुलगा रोज येतो का हो?" असं विचारायला एकाही कॉलेजचा फोन आलेला नाही.

शिरोळची_फार्मासिस्ट

दादा, आमच्याकडं बाह्यरुग्णांची खिडकी आहे, रोज तीनशेच्या आसपास लोक येतात. नुसते डबे भरत नाही आम्ही. पण ड्रॉप्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मला एवढंच सांगा, तुमच्यासारखी दहा मिनिटं किती दुकानदार देतात?

एसटी_पासवाला

मी सध्या ट्रेनिंगमध्ये आहे, म्हणून लिहितो. ३२० तास झाले, १८० राहिलेत. सही विकत घेतलेली नाही, रोज जातो. पण सकाळी शटर वर केलं की आधी झाडू, मग रॅक पुसायचे, मग एक्स्पायरीचा माल खोक्यात भरायचा, मग मालकांच्या गाडीवरून स्टॉकिस्टकडं माल आणायला. प्रिस्क्रिप्शन हातात येतं ते मालक जेवायला गेल्यावर. तेव्हा शेजारी विचारायला कुणी नसतं. शेड्यूल एच१ चं रजिस्टर (ठरावीक औषधांच्या प्रत्येक विक्रीची नोंद) तर मालकांचा मुलगा महिन्यातून एकदा बसून भरतो, एकाच पेनानं.

पैसा एक मिळत नाही. एमबीबीएसच्या इंटर्नला विद्यावेतन असतं, आम्हाला पासाचे पैसेसुद्धा घरून मागावे लागतात. ताई, तुम्ही म्हणता जागा कॉलेजनं द्यावी. दिली समजा जिल्ह्याच्या ठिकाणी. खोलीभाडं कोण भरणार? सही विकत घेणारे सगळे आळशी नसतात. माझ्या वर्गातले दोघं त्या तीन महिन्यांत गोडाऊनला कामाला गेले, कारण घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

खडूवाले_सर

मी शिकवतो, त्यामुळे शिव्या मलाच बसणार, बसू द्या.

हॉस्पिटलची कल्पना ऐकायला बरी आहे, पण गणित बसत नाही. एका कॉलेजात डी.फार्मच्या ६० जागा. १९९१ च्या नियमात जिथं एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे तिथं दोनपेक्षा जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत, पुढं प्रत्येक जादा फार्मासिस्टमागं एक. म्हणजे एकेका फार्मासिस्टच्या तीस जागा एकाच कॉलेजला हव्यात, आणि आमच्या तालुक्यात अशी चार कॉलेजं. हॉस्पिटल एकच, त्यात फार्मासिस्ट तिघं, त्यातला एक कायम रजेवर. २०१९ मध्ये फार्मसी कौन्सिलनं पाच वर्षं नवी कॉलेजं नकोत असं ठरवलं होतं, ते सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकलं नाही. आता दुकानं सोडली तर मुलांना पाठवू कुठं?

शिवाय सगळे डी.फार्मवाल्यांच्याच मागं लागलेत. बी.फार्मच्या (फार्मसीच्या पदवीच्या) मुलाला चार वर्षांत १५० तास, तेही सहाव्या सत्रानंतरच्या सुट्टीत, आणि ते फार्मा कंपनीत केले तरी चालतात. तो पेशंट न पाहताही त्याच रजिस्टरवर नाव लावतो. त्यावर कुणी धागा काढत नाही!

आमच्याकडून फोन जात नाही, हे मात्र खरं आहे. बचाव करत नाही.

लेस्टरवासी

इथं यूकेत चार वर्षांचा एमफार्म (इथली फार्मसीची पदवी) झाला की ५२ आठवडे फाउंडेशन ट्रेनिंग, पगारी. एक ठरावीक फार्मासिस्ट तुमच्यावर नजर ठेवतो आणि तुमची तयारी झाल्याचं लिहून देतो. मग रजिस्ट्रेशनची परीक्षा. माझ्या वर्षी सुपरव्हायझरनं पहिले दोन आठवडे मला फक्त शेजारी उभं केलं होतं. "ऐक. बोलू नकोस." इतका राग यायचा! पण लोक औषध घेताना काय काय लपवतात ते तिथंच कळलं.

खान्देशी_मेडिकलवाला

आलं लंडन! पगार देतो कोण तिकडं? दुकानदाराच्या खिशातून?

लेस्टरवासी

लंडन नाही हो काका, लेस्टर. पगार दुकानच देतं, पण ट्रेनी ठेवल्याबद्दल त्याला सरकारी अनुदान मिळतं. तुम्हाला मिळालं तर तुम्हीही द्याल.

बेरकी_ग्राहक

एवढं काय त्यात? डॉक्टर लिहितो, कंपनी छापते, स्ट्रिपवर नाव असतं. कंपाउंडर बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून डोस मोजून द्यायचा, तो जमाना गेला. आता वाचता येणारा कुणीही गोळी काढून देऊ शकतो. ट्रेनिंगचं नाटकच बंद करा.

जाईजुई

बेरकी, मी इथं कधी लिहीत नाही, तुमच्यासाठी लिहितेय.

माझ्या आईला संधिवात आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, आठवड्यातून एकदा, दर रविवारी. बाकीचे दिवस फॉलिक ॲसिड. दुकानातल्या मुलानं गोळ्या कागदी पाकिटात घातल्या आणि पाकिटावर बॉलपेननं लिहिलं १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक. प्रत्येक पाकिटावर तेच, सुवाच्य अक्षरात. आईनं प्रिस्क्रिप्शन कशाला बघायचं? इंग्रजीतलं ते. तिनं पाकीट बघितलं. नऊ दिवस रोज सकाळी गोळी. दहाव्या दिवशी तोंड इतकं सोललं की पाणी गिळता येईना. रक्तातल्या पेशी घसरल्या होत्या. बारा दिवस दवाखान्यात.

मुलाला वाचता येत होतं. गोळीही बरोबर काढली होती, नाव, मिलिग्रॅम सगळं. ही गोळी रोज घ्यायची नसते, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

बेरकी_ग्राहक

शब्द मागे घेतो. आई आता बऱ्या आहेत ना?

जाईजुई

हो. पण आता प्रत्येक गोळी मला फोटो पाठवून विचारते. क्रोसिनसुद्धा.

शिरोळची_फार्मासिस्ट

म्हणूनच म्हणतेय, सही फुकट मिळता कामा नये. फार्मसी ॲक्ट १९४८ चा, त्याचं कलम ४२ म्हणतं की प्रिस्क्रिप्शनवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यायचं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे साहेब एफडीएचे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे) आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर आहे का, हे दुकानोदुकानी जाऊन बघितलं जायचं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? पण माणूस खुर्चीत हजर असून त्याला लाल-नारिंगी टोपण कळत नसेल, तर हजेरीचा उपयोग काय?

खान्देशी_मेडिकलवाला

जाईजुई ताईंचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आता खरं बोलतो. मी पण अशा दोन सह्या केल्यात. एक भाच्याची आणि एक, ज्याच्याकडून माल घेतो त्याच्या पोराची. नाही म्हणता आलं नाही. भाचा आज पुण्यात काउंटरवर आहे. काल रात्री फोन करून विचारलं, मेथोट्रेक्सेट कसं देतोस? बरोबर सांगितलं त्यानं, तेव्हा झोप लागली.

तरी हॉस्पिटलचं मला पटत नाही ते नाहीच. माझं म्हणणं असं: पोरानं वही ठेवावी. रोज पाच प्रिस्क्रिप्शन उतरवायची, पेशंटचं नाव गाळून. काय दिलं, काय सांगितलं, पेशंटनं काय विचारलं. शंभर दिवसांची वही खोटी लिहायला खरं ट्रेनिंग करण्यापेक्षा जास्त मेहनत लागते. आणि एफडीएचे इन्स्पेक्टर लायसन बघायला येतातच, त्यांनी विचारावं, तुझ्या फॉर्मवरचा पोरगा कुठाय?

खडूवाले_सर

वही मुलं एकमेकांची उतरवतात, काका. प्रॅक्टिकलच्या जर्नलचं काय होतं ते रोज बघतो.

शिरोळची_फार्मासिस्ट

उतरवू देत. मी त्यातली कुठलीही तीन पानं उघडून प्रश्न विचारीन. निम्मे तासांचा हट्ट सोडते, एक महिना तरी हॉस्पिटल हवं. त्याखाली उतरणार नाही.

एसटी_पासवाला

काका, तुमचं गाव कुठलं? माझे १८० तास बाकी आहेत.

खान्देशी_मेडिकलवाला

चोपडा. पासात बसत असेल तर ये. सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. झाडू मारायला माझ्याकडं माणूस आहे. ॲप्रन घालून ये, मोबाइल गल्ल्यात ठेवावा लागेल. दुपारचा डबा आमच्या घरचा.

खडूवाले_सर

बाळा, जागा बदलायच्या आधी कॉलेजात विचारून घे हो. नाहीतर झालेले ३२० ही जायचे.