उघड्यावर ठेवायचं जुनं लढाऊ जेट: कुठलं टिकेल, काय तपासायचं?

कृष्णाकाठ (सांगली)
इथल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारात हवाई दलातून निवृत्त झालेलं जुनं जेट बसवायचं घाटत आहे. जागा दोन आहेत: एक सांगलीत नदीच्या बाजूला, दुसरी सातारा जिल्ह्यात पठारावर. छपराला सध्या पैसे नाहीत. व्हॅम्पायर, तुफानी, नॅट, मारुत या जुन्या मंडळींपैकी उघड्यावर कोण तग धरेल? बसवण्याआधी काय बघायचं? आणि मोठ्या संग्रहालयांत अगदी सुरुवातीच्या जेटांचं काय झालं?

रिव्हेट
व्हॅम्पायर मिळत असलं तरी छपराशिवाय घेऊ नका. १९४८ साली आलेलं हवाई दलाचं हे पहिलं जेट. पंख आणि शेपटीचे दोन दांडे धातूचे आहेत, पण कॉकपिटचा भाग लाकडी: आतबाहेर प्लायवूड आणि मध्ये बाल्सा. रंग चकचकीत असतो आणि खाली बाल्सा कुजलेला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला की तिथे थर सुटलेत. सुरुवात कॉकपिटच्या तळापासून आणि पंखांच्या जोडापासून करा, पाणी तिथेच साचतं. वाळवीचं तर सांगायलाच नको.

माझी पसंती नॅटला. पूर्ण धातूचं, लांबी नऊ मीटरच्या आत, पंखांचा विस्तार पावणेसात मीटर, रिकामं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. मारुत जवळजवळ सोळा मीटर लांब आणि रिकामंच सहा टनांच्या वर, म्हणजे क्रेन, ट्रेलर, पाया सगळंच वाढलं. मारुत नुसतं बघायचं असेल तर मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. पालमच्या हवाई दल संग्रहालयात तर तुम्ही विचारलेली बहुतेक नावं एकाच आवारात भेटतात.

धावपट्टी
शेवटच्या प्रश्नापुरतं लिहितो. जगातलं पहिलं जेट, जर्मनीचं हाइंकेल १७८, हे २७ ऑगस्ट १९३९ ला उडालं. नंतर ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं आणि १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तिथेच गेलं. ब्रिटनच्या ग्लॉस्टर ई.२८/३९ ची दोनच विमानं बनली. दुसरं जुलै १९४३ मध्ये एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) अडकल्याने पडलं, पहिलं लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आराडो २३४ ही जर्मन जेट बॉम्बर दोनशेच्या वर बनली, उरलं एकच. ते अमेरिकनांनी १९४५ मध्ये जहाजावर घालून चाचण्यांसाठी नेलं म्हणून वाचलं. युरोपात राहिलेली भंगारात गेली. नॅटचा एक वेगळाच नमुना कराचीच्या संग्रहालयात आहे: सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलेलं आपलं विमान. मारुतही एक म्युनिकजवळ श्लाइसहाइमला आहे, कारण आराखडा जर्मन अभियंता कुर्ट टांक यांचा.

ही वाचलेली विमानं छपराखाली आहेत हे विसरू नका. त्यांच्या फोटोंवरून उघड्यावरच्या विमानाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

स्पॅनर
रंगाचा विचार शेवटी. आधी जिवावर बेतणाऱ्या गोष्टी.

इजेक्शन सीट (वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवायची काडतुसं काढल्याचा लेखी दाखला विमान हलवण्याआधी हातात हवा. "काढली असतील" हे उत्तर चालत नाही. कॉकपिटमधल्या जुन्या मीटरांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. आता चमकत नाही म्हणून निर्धोक समजू नका. चमकणारं रसायन मरतं, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं. काच फुटलेली असेल तर हात लावू नका, गायगर काउंटरवाला माणूस बोलवा. चाकांच्या डिस्क किंवा गिअरबॉक्सची आवरणं मॅग्नेशियमची असतील तर ग्राइंडर मारू नका. त्याचा भुसा पेटतो आणि त्यावर पाणी टाकलं की आग भडकते. कोरडी वाळू जवळ हवी.

वाहतुकीत पंख गॅस कटरने कापणारा ठेकेदार नको. मग ते लोखंडी पट्ट्यांनी जोडतात, मुख्य तुळईची ताकद गेलेली असते आणि लोखंडाला टेकलेलं ॲल्युमिनियम पावसाळ्यात फुगून पापुद्रे सोडतं. बोल्ट काढूनच पंख उतरवा. स्टँड आणि विमान यांच्यामध्ये निओप्रीन रबराचा जाड तुकडा घाला, बोल्ट स्टेनलेसचे घ्या. उचलण्याआधी तोल पुन्हा काढायचा: इंजिन काढलेलं असेल तर गुरुत्वमध्य पुढे सरकतो, तोफा आणि सीट काढली तर मागे. हे न बघता पट्टे बांधले की विमान शेपटीवर बसतं.

कृष्णाकाठ (सांगली)
खांबावर, नाक वर करून बसवायची सूचना आली आहे. आणि रंग स्थानिक पेंटरकडून ऑइलपेंटचा.

स्पॅनर
खांबावर दिसतं छान, पण निचऱ्याची भोकं विमान चाकांवर उभं असताना खाली येतील अशी असतात. नाक वर केलं की पाणी शेपटीकडे जाऊन थांबतं. तिथे नवी भोकं पाडावी लागतील. शिवाय वर्षातून दोनदा धुवायला तिथवर चढणार कोण? चाकांवरच ठेवा, फक्त वजन टायरवर नको, एक्सलखाली स्टँड द्या. हवा आत जाण्याची तोंडं आणि नळकांडं बारीक जाळीने बंद करा. प्लास्टिकने नको, आत घाम धरतो. कबुतरांची विष्ठा ॲल्युमिनियम खाते.

ऑइलपेंट थेट ॲल्युमिनियमवर धरत नाही, दोन पावसाळ्यांत सोलून येतो. नायलॉन पॅडने घासा, लोखंडी ब्रश अजिबात नको, त्याचे कण रुतून खड्डे पडतात. मग गोड्या पाण्याने धुणं, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरणारा पहिला थर, इपॉक्सी प्रायमर आणि वरून पॉलीयुरेथेन. कॅनॉपीला थिनर लागू देऊ नका, ॲक्रिलिकला लगेच बारीक चिरा जातात. तिच्यावर पांढऱ्या सुती कापडाचं कव्हर.

रिव्हेट
जागेबद्दल: सांगलीतली असेल तर २०१९ च्या पुराची रेषा आधी बघा. आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोका पातळी तेव्हा कितीतरी मागे पडली होती. गाळाचं पाणी एकदा पंखांत शिरलं की ते पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. पठारावरचा प्रश्न वाऱ्याचा. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाहीत, आणि पंख शेवटी पंखच, वाऱ्यात ते उचल घेतात. चार ठिकाणी जमिनीत अँकर आणि स्थापत्य अभियंत्याचं गणित हवंच. जावळी-पाटणच्या पावसापेक्षा माण-खटावकडची कोरडी जागा मिळाली तर तीच घ्या.